ऑपरेशनच्या आधीची धडधड

ताई, वजन कमी करायच्या ऑपरेशनची तारीख १५ दिवसांवर आली, रात्री डोळ्याला डोळा नाही, आणि घरचे म्हणतात 'तोंड आवरलं तर पुरे, पोट कशाला कापायचं', हे तुमचं वाचून जीव कळवळला. माझ्या स्लीव्हच्या, म्हणजे जठर लहान करायच्या ऑपरेशनच्या वेळी आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरीही हेच चाललं होतं.

भीती नेमकी कशाची, ते कागदावर लिहून काढा. माझी भुलीची होती. 'मी घोरते, झोपेत श्वास अडकतो' असं भूलतज्ज्ञांना सरळ सांगितलं. त्यांनी झोपेची तपासणी करून घेतली, निम्मी धडधड तिथंच थांबली. संमतीपत्र कन्नड-इंग्रजीत असलं तर मराठीत समजावून मागा, सही मग. लाजायचं नाही बघा.

आधीचं पथ्य जड जातं, खरंय. पण त्यानं यकृतातली चरबी उतरते, ते आकसतं आणि त्याच्याआड असलेल्या जठरापर्यंत पोचणं सर्जनना सोपं जातं. हे कळल्यावर मला ती शिक्षा वाटेना. घरात कुंद्याचा, आमच्याकडच्या दुधाच्या मिठाईचा, पुडा उघडला की मी चपला घालायची. वहिनी हातातलं काम टाकून सोबत यायची, काही न बोलता गल्लीच्या टोकापर्यंत चालायची. असं एक माणूस धरून ठेवा.

आणि सासूबाईंना पुढच्या तपासणीला घेऊनच जा. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात, भूक चेतवणारं घ्रेलिन मुख्यतः तिथंच तयार होतं, हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. रात्री झोप लागत नाही हेही तेव्हाच सांगा, मनानं झोपेची गोळी घेऊ नका.