‘आधीच्या पिढ्या दुखणी कुरवाळत बसल्या नाहीत’ हे वाचून

निळी छत्री:
काल इथे एकांनी लिहिलं की आधीच्या पिढ्या शुगर, दमा, संधिवात सगळं घेऊन गपचूप जगल्या, आता मात्र प्रत्येकाला आजार मिरवायचा असतो. रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून वेगळा धागा काढलाय. मला ११व्या वर्षापासून टाइप वन मधुमेह आहे (शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही तो), ३२ वर्षं झाली. माझ्यासारखी मुलं गपचूप जगायची नाहीत हो, मरायची. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिलं इन्सुलिन टोचलं. त्याआधी उपाय काय, तर उपासमार. हाडांचा सापळा होईस्तोवर मुलांना जवळपास उपाशी ठेवायचे, त्यात थोडे महिने पदरात पडायचे, नशीब असेल तर एखाददोन वर्षं. आजारी माणसं तेव्हा दिसत नव्हती कारण ती उरतच नव्हती.

जुना पिंपळ:
तो प्रतिसाद माझा. टाइप वन माझ्या डोक्यातही नव्हतं, उगाच टोकाचं उदाहरण घेऊ नका. माझ्या आजीची दहाही बोटं संधिवाताने वाकडी झाली होती, शेवटपर्यंत तोंडातून कधी हाय निघालं नाही. हल्ली जरा दुखलं की लगेच मोठी पोस्ट. सोसायची ताकदच गेलीय.

तिसरा मजला:
बोलल्या नाहीत म्हणजे दुखत नव्हतं का? बोलून उपयोग नव्हता! १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलचे जवळपास ३०० कर्मचारी आजारी पडले, स्नायू दुखणं, कमालीचा थकवा. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी त्या पेशंटशी न बोलता, नुसते जुने कागद चाळून ठरवलं की हा हिस्टेरिया, आणि एक मोठं कारण काय दिलं तर बायकाच जास्त आजारी पडल्या म्हणून. मला तोच थकव्याचा आजार आहे (एमई). निदान व्हायला ५ वर्षं गेली, तोपर्यंत प्रत्येक डॉक्टरचा पहिला प्रश्न, घरी काही टेन्शन आहे का.

सावली:
माफ करा, पण कधीपासून वाचतेय, सगळे फक्त पेशंटबद्दल बोलताय. नवऱ्याचं ६ वर्षं घरी डायलिसिस चालू आहे, पोटातून, दिवसाला ४ बॅगा. १९६२ ची सिएटलची समिती सगळ्यांना माहीत असते, मशीन थोडी म्हणून कुणाला जगवायचं ते पगार, मुलंबाळं, चर्चला जातो का हे बघून ठरवायचे. पण १९६४ च्या सुमारास मशीन घरी न्यायला लागले तेव्हा ते चालवायला घरच्या माणसालाच शिकवलं, बहुतेक वेळा बायकोला. सुया, नळ्या, रात्रीचं जागरण. त्यांच्याबद्दल कोण लिहितं?

निळी छत्री:
सावली, धागा भरकटतोय. काळजी घेणारा निदान खोलीबाहेर तरी जाऊ शकतो, मी माझ्या शरीराबाहेर कुठे जाऊ?

सावली:
खोलीबाहेर जाऊन मी कुठे जाते ते सांगू का? स्वयंपाकघरात, पुढची बॅग गरम करायला. तुमची शुगर रात्री २ ला खाली जायची तेव्हा कोण उठायचं?

जुना पिंपळ:
दोघीही जरा शांत व्हा.

तिसरा मजला:
पिंपळ, तुम्ही आग लावलीत, तुम्ही तरी नका सांगू.

निळी छत्री:
आई उठायची. गजर लावून, रोज २ वाजता, मी १८ची होईपर्यंत. बोट टोचायची आणि मला कित्येकदा जागही यायची नाही. तिला त्या ७ वर्षांत सलग झोप मिळाली नसणार, आणि हा हिशोब मी आज पहिल्यांदा करतेय. खोलीबाहेरचं वाक्य मागे घेते. बाकीचं नाही.

जुना पिंपळ:
आता आठवलं म्हणून सांगतो. आजीची वेणी काकू घालायची, बटणं काकू लावायची, औषधाच्या बाटलीचं झाकणसुद्धा. आजी काकूशी काय बोलायची ते आम्हा पोरांना कुठे ठाऊक? तेव्हा ‘हाय निघालं नाही’ हे मी जरा घाईत लिहिलं. पण आजार हीच ओळख करून बसू नये, हे मत कायम आहे.

तिसरा मजला:
ओळख लोकांनीच आधी चिकटवलेली असते. १९८३ मध्ये डेन्व्हरला एड्स झालेल्यांनीच लिहून काढलं की आम्हाला बळी म्हणू नका, आम्ही एड्ससोबत जगणारी माणसं आहोत, आमच्याबद्दलचे निर्णय होतील तिथे आम्हाला बसवा. त्यांनी गप्प राहायला हवं होतं?

जुना पिंपळ:
नाही. ते वेगळं.

तिसरा मजला:
कसं वेगळं?

सावली:
साडेदहाची बॅग लावायची आहे, जाते. त्या पहिल्या घरगुती मशीनवाल्या बायकांनी स्वतः काही लिहून ठेवलेलं कुणाला सापडलं तर इथे टाका, मी सकाळी बघेन.