गंगेवर (म्हणजे नाशकातल्या गोदावरीवर) प्रॅक्टिस शूट केलं, आवाज पूर्ण गेला, सल्ला हवाय

गोदाकाठची: नमस्कार, आम्ही पाच जण मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहोत, प्रोजेक्टसाठी सात-आठ मिनिटांची शॉर्ट फिल्म करतोय. बहीण-भावाची गोष्ट आहे, एक सीन गंगेवर, एक जुन्या नाशकातल्या वाड्यात. रविवारी रामकुंडापाशी प्रॅक्टिस केली आणि घरी येऊन फुटेज बघितल्यावर रडूच आलं. कॅमेऱ्याचाच माइक होता, त्यामुळे घंटा, भोंगा, गर्दी सगळं आलंय, डायलॉग सोडून. वाड्यात ट्यूबलाइटच्या पट्ट्या सरकताना दिसतात, एका शॉटमध्ये बहीण पिवळी दिसते तर दुसऱ्यात निळी. आणि एडिटला लावलं की दोघं एकमेकांकडे बघतच नाहीयेत असं वाटतं! खरं शूट दोन आठवड्यांनी, हातात चार हजार. आवाज नंतर डब करू का माइक भाड्याने आणू? की लाइट घेऊ?

जुना_पंचवटीकर: डबिंगच्या नादी लागू नका. नवीन पोरांना ओठ जुळवून परत तोच भाव आणणं फार जड जातं. पैसे आधी आवाजावर घाला, दोन कॉलर माइक, कपड्याला लावायचे छोटे माइक, भाड्याने घ्या, वर केसाळ टोपी लावा, नदीवर वारा असतोच. शॉट ओके झाला की तिथल्या तिथे माइक तोंडाजवळ धरून डायलॉग परत म्हणून घ्या आणि मग सगळ्यांनी मिनिटभर गप्प उभं राहून नुसता घाटाचा आवाज रेकॉर्ड करा, एडिटला तुकडे सांधताना तो मिनिट फार कामाला येतो. आणि रविवारी रामकुंडावर नका जाऊ. तिथे लोक अस्थी घेऊन येतात, दहाव्याला बसलेले असतात, त्यांच्यावर कॅमेरा जाता कामा नये. मधल्या वारी, उजाडताना, जरा खालच्या अंगाच्या पायऱ्यांवर जा.

कॅमेरावाली: पट्ट्यांचं सांगते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. तुमचं शटर, म्हणजे एक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते, १/६० सेकंद वगैरे असणार, सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० करून बघा. रंग बदलले कारण व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठल्या उजेडात पांढरं पांढरंच दिसावं ते ठरवणारं सेटिंग, ऑटोवर होता, तो हाताने लॉक करा, उन्हाला साधारण ५६०० केल्विन, पिवळ्या बल्बला ३२००. पण खिडकीचा उजेड आणि ट्यूब एकत्र आले की कुठलाच आकडा नीट बसत नाही, सरळ ट्यूब बंद करा, सीन माजघरातून चौकात आणा आणि सावलीच्या बाजूने पांढरी चादर धरा, तिच्यावरून उजेड परत चेहऱ्यावर येतो. लाइट आणायची गरजच नाही गं. नजरेचं म्हणशील तर बहीण-भावाला जोडणारी एक मनातली रेषा धरायची असते, ती ओलांडून तुम्ही कॅमेरा पलीकडे नेलाय. घाटावर सोपं आहे, प्रत्येक शॉटमध्ये गंगा मागेच राहिली पाहिजे. ती पुढे आली की समजायचं चुकलं.

गोदाकाठची: दादा, ताई, खूप आभार! दहाव्याचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, रविवारच्या दोन शॉटमध्ये मागे तशी माणसं आहेत, ते आजच डिलीट करतो. ताई, फुटेज परत बघितलं, खरंच एका शॉटमध्ये गंगा मागे आहे आणि दुसऱ्यात देवळं! बुधवारी सकाळी सहाला फक्त आवाजाच्या टेस्टसाठी जातोय. कॉलर माइक कॉटनच्या साडीवर घासतो, तो नेमका कुठे लावायचा?

कॅमेरावाली: पदराखाली नको, ब्लाउजच्या गळ्याशी आतून टेपने चिकटव, वायरला एक छोटा वेढा देऊन. आणि हेडफोन लावून एकीने सतत ऐकत राहा.