दादऱ्यात डिले लयीत बसत नाही. टेम्पो बरोबर भरलाय, तरी घोटाळा

हळदीचा दिवाणजी, सांगली

मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. मी मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहितो. संध्याकाळी दुकानाच्या माळ्यावर आमच्या ऑर्केस्ट्राची तालीम असते. ऑर्केस्ट्रा म्हणजे काय, दोन गाणारे, कीबोर्ड, ऑक्टापॅड, ढोलकी आणि गिटारवर मी. इतकी वर्षं डिलेचा, म्हणजे गिटारच्या आवाजाचे पडसाद पाडणारा, एक साधा पेडल होता. नॉब फिरवायचा, कानाला बरं वाटलं की सोडायचा. गेल्या दिवाळीच्या बोनसातून सेकंडहँड डिजिटल प्रोसेसर घेतला, आणि तेव्हापासून कानापेक्षा आकड्यांकडेच जास्त बघतोय. दिवसभर आकडे, रात्रीही आकडे.

कोजागिरीला विश्रामबागेत एका सोसायटीच्या गच्चीवर कार्यक्रम होता. दादऱ्यातलं, म्हणजे सहा मात्रांच्या तालातलं, एक भावगीत होतं. ऑक्टापॅडवाल्याला विचारलं, "किती ठेवू?" तो म्हणाला, "१८०." त्याच्या मोबाईलमधल्या मेट्रोनोमवरही १८०च होते. मी पॅचमध्ये (मशीनमध्ये साठवलेल्या सेटिंगमध्ये) १८० भरले आणि डिलेला ती टिंबवाली खूण लावली, डॉटेड एट्थ. केरव्याच्या, आठ मात्रांच्या गाण्यांना मी तीच लावतो आणि तिथं ती झकास बसते. इथं मात्र गाणं सुरू झालं आणि माझी गिटार कुणीतरी जिन्यावरून भांडी सोडल्यासारखी वाजायला लागली. गंमत अशी की दर तिसऱ्या मात्रेला सगळं बरोबर जागेवर येतंय. मधल्या दोन मात्रांतच गोंधळ. म्हणजे टेम्पो चुकला म्हणावं तर तसंही नाही.

दुसरी भानगड. सोलोसाठी वेगळा पॅच केलाय. पायानं तो लावला की स्क्रीनवर टेम्पो १२० होतो. परत साध्या पॅचवर आलो की १८०. दोन्ही पॅच एकाच मशीनमध्ये, मग टेम्पो दोन कसे?

तिसरी. वैतागून गाण्याच्या मध्येच टॅप करायला, म्हणजे पायानं ठोके मारून टेम्पो द्यायला गेलो. पाय जरा जास्त वेळ दाबून राहिला, तर ट्यूनर लागला आणि माझा आवाज बंद. पुढच्या सतरंजीवरच्या एक काकू म्हणाल्या, "लाईट गेली का हो?" पुन्हा टॅप केलं तर आकडा थेट २५० वर. मग मी डिले बंद करून मुकाट्यानं कॉर्ड धरले आणि मसाला दूध येईपर्यंत मान वर केली नाही.

पुढच्या आठवड्यात तासगावला लग्नाच्या आदल्या रात्रीचा कार्यक्रम आहे. त्याच्या आत काहीतरी सांगा.


पेडलवाला, कराड

दिवाणजी, "दर तिसऱ्या मात्रेला जागेवर येतंय" हे लिहिलंत म्हणून दुखणं लगेच सापडलं. टेम्पो तुमचा बरोबर आहे, चुकलीय ती टिंबवाली खूण.

मशीनला दादराही कळत नाही आणि केरवाही. त्याच्या लेखी एक ठोका म्हणजे एक क्वार्टर नोट, बाकी सगळी वाटणी त्यावरून. मिनिटात ६०,००० मिलिसेकंद. त्याला १८० नं भागलं की एक मात्रा आली ३३३ मिलिसेकंदांची. डॉटेड एट्थ म्हणजे त्याचा पाऊण हिस्सा, २५०. आता मोजा : तुमचे पडसाद पडणार २५०, ५००, ७५० आणि १००० वर. मात्रा पडणार ३३३, ६६७ आणि १००० वर. तीन मात्रांच्या जागेत चार पडसाद. हजारावर दोघं भेटतात आणि पुन्हा फारकत. तीच तुमची तिसरी मात्रा.

केरव्यात हे का खपतं? तिथं आपण पायानं ठोका धरतो त्याचे दोन, चार असे भाग पडतात. पाऊण म्हणजे चारातले तीन. तिथं लयीला आधीच एक घर असतं, पडसाद त्यात जाऊन बसतो. १२० ला तो ३७५ मिलिसेकंदांवर येतो आणि गिटार एकट्यानं वाजत असली तरी दोघं वाजवताहेत असं वाटतं. दादऱ्याचा ठोका तिनात फुटतो. तिनात पाऊण कुठून बसणार?

तेव्हा दादऱ्याला दोन वाटा. मात्रा मोजून १८० भरायचे असतील तर डिलेला हाफ नोट लावा. पडसाद दोन मात्रांनी, ६६७ वर येईल. किंवा मला आवडते ती वाट : मात्रा मोजूच नका. "धा धी ना, धा ती ना" मधल्या दोन "धां"वरच पाय मारा, म्हणजे पहिल्या आणि चौथ्या मात्रेला. मशीन ६० दाखवेल. मग ज्या खुणेवर ३ चा आकडा असतो ती ट्रिपलेटची खूण लावा. क्वार्टर ट्रिपलेटला पडसाद दोन मात्रांनी येतो, एट्थ ट्रिपलेटला प्रत्येक मात्रेला. साधी क्वार्टर ठेवलीत तर तीन मात्रांनी, पुढच्या "धा"वर. संथ भावगीताला ही शेवटची फार गोड लागते, शब्दांच्या आड येत नाही.

"धा"वर टॅप करण्यात आणखी एक फायदा आहे. आपला पाय काही घड्याळ नाही, वीसेक मिलिसेकंद इकडेतिकडे होणारच. ३३३ मध्ये वीस चुकले तर सहा टक्के, हजारात वीस चुकले तर दोनच. फक्त फार विलंबित दादरा असेल तर बघा, बऱ्याच मशीनमध्ये ४० च्या खाली टेम्पो जात नाही. तिथं मात्रा टॅप करणंच बरं.

पॅचचं उत्तर सोपं आहे. तुमच्या मशीनमध्ये टेम्पो पॅचसोबत साठवला जातोय. सोलोचा पॅच केलात तेव्हा त्यात १२० होते, ते तसेच राहिले. टॅप करून बदललेला टेम्पोसुद्धा स्टोअर केल्याशिवाय टिकत नाही, पॅच बदलला की गेला. सेटिंगमध्ये टेम्पो सगळ्या पॅचना एकच ठेवायची सोय आहे का ते बघा. माझ्या हेलिक्स प्रोसेसरमध्ये टेम्पो स्नॅपशॉटपुरता (पॅचमधल्या एका मांडणीपुरता), प्रीसेटपुरता (म्हणजे पॅचपुरता) की सगळीकडे एकच, हे ग्लोबल सेटिंगमध्ये निवडता येतं. तुमच्यात नसेल तर सोलोच्या पॅचमध्येही तोच आकडा भरून स्टोअर करा. त्याहून चांगलं म्हणजे सोलोला पॅच बदलूच नका. त्याच पॅचमध्ये आवाज वाढवणारा एक बूस्ट आणि आवाज खरखरीत करणारा एक ओव्हरड्राइव्ह ठेवा आणि पायानं ते चालू-बंद करा. टेम्पोला धक्का नाही, पडसादाची शेपटीही तुटत नाही.


हळदीचा दिवाणजी, सांगली

पेडलवाले दादा, तीन मात्रांत चार पडसाद! कागदावर मांडून बघितलं, ताळेबंद जुळला. रोज हजार ओळींची बेरीज करणारा मी, आणि हे दिसलं नाही.

एक विचारायचं राहिलं. ऑक्टापॅडला आणि माझ्या मशीनला, दोन्हींना यूएसबी आहे. दोन्ही जोडून टॅपची कटकटच मिटवता येईल का? दुकानातल्या प्रिंटरची केबल लावून बघितली, पण दुसरं टोक कुठंच बसेना.


ठोकाबहाद्दर, तासगाव

दुसरं टोक बसणार नाहीच. दोन्ही मशीनवरचं चौकोनी भोक हे कॉम्प्युटरला जोडायचं. दोन नोकर एकमेकांसमोर उभे केले तर हुकूम कोण देणार? मध्ये लॅपटॉप हवा. नाहीतर दोन्हीकडे पाच पिनांचं जुनं मिडी (वाद्यं एकमेकांना जोडायची सोय) असेल तर एकाच्या आउटमधून दुसऱ्याच्या इनमध्ये वायर टाका आणि तुमच्या मशीनला बाहेरचा क्लॉक, म्हणजे टेम्पोची टिकटिक, घ्यायला सांगा. एका क्वार्टर नोटमध्ये २४ टिकटिक जातात, तुमचा डिले त्यावर चालतो.

पण मी स्वतः ऑक्टापॅड वाजवतो म्हणून सांगतो, यात एक मेख आहे. आम्ही पॅडवर काठ्या मारतो तेव्हा मिडीतून जातं ते फक्त "हा पॅड वाजला, इतक्या जोरात वाजला". त्यात टेम्पो नसतो. क्लॉक जाणार ते मशीनमधला लूप किंवा मेट्रोनोम चालू असेल तर, आणि मग सगळ्यांनी त्या मशीनच्या मागं चालायचं. तुमच्याकडं ढोलकी आहे. ढोलकीवाला कुणाच्या मागं चालणारा नसतो, आणि नसावाही. शेवटच्या अंतऱ्याला टाळ्या आल्या की तो १८० चा १८६ करणारच. मशीन तिथंच १८० वर बसून राहणार.

आता हिशेबच आवडतो तर घ्या. १८६ ला दोन मात्रा होतात ६४५ मिलिसेकंदांच्या. तुमचा डिले अजून ६६७ वर. पहिला पडसाद २२ नं मागं, तेवढं कुणाला कळत नाही. तिसरा पडसाद मात्र ६५ नं मागं, तो कळतो. म्हणून फीडबॅक, म्हणजे पडसाद किती वेळा परतायचा ते, कमी ठेवा, दोन पडसाद ऐकू यावेत आणि तिसरा विरावा एवढाच. मिक्सही, म्हणजे पडसादाचा आवाज, उतरवा. मोकळ्या गच्चीवर जास्त डिले तसाही खपत नाही, समोरच्या इमारतीवरनं आणखी एक फुकट मिळतो.

आणि टेम्पो गाणाऱ्याकडून घ्या. आमच्यातले निम्मे लोक दादऱ्याला मात्रेवर १८० सांगतात, निम्मे ठोक्यावर ६०. दोघंही खरंच बोलतात.


तारकरी काका, मिरज

सगळं वाचलं. बाळांनो, मी हवाईयन गिटार वाजवायचो तेव्हा आमच्याकडे टेपचा इको होता. त्यात टेपची गोल पट्टी फिरायची, एक हेड भरायचं, पुढचं वाजवायचं. वेळ बदलायची म्हणजे पट्टीचा वेग बदलायचा, आणि वेग बदलला की आतला सूर चढायचा नाहीतर उतरायचा. हे मुद्दाम सांगतोय, कारण दिवाणजींच्या मशीनमध्ये टेपच्या नावाचा डिले असेल तर तोही हीच नक्कल करतो. पडसाद वाजत असताना टॅप केलंत तर सूर लपकन घसरेल. मशीन बिघडलं म्हणून घाबरू नका. अंतरा संपून मुखडा यायच्या आधी गिटार गप्प असते, तेव्हा टॅप करा.

आकडा भरायचा असेल तर माझी जुनी पद्धत अजून चालते. घड्याळ समोर ठेवा, गाणाऱ्याला तालमीत मुखडा गायला लावा, १५ सेकंदांत किती ठोके पडले ते मोजा आणि चौपट करा. गाणाऱ्याचं ऐकून मोजा, मेट्रोनोम लावून त्याला गायला लावू नका. तो मेट्रोनोमच्या नादानं वेगळंच गातो.

आता टॅप केल्यावर टेम्पो २५० वर गेला त्याबद्दल. याकडे कुणी बघितलंच नाही. तो टेम्पोचा प्रश्न नाही, स्विचचा आहे. एकदा दाबलं आणि आत दोनदा टेकलं, तर मशीनला वाटतं पठ्ठ्यानं विजेच्या वेगानं दोन टॅप मारले. मग ते आपल्या कमाल आकड्यावर जाऊन बसतं. तुमची तालीम कुठं असते ते सुरुवातीलाच लिहिलंय तुम्ही. हळदीच्या दुकानाच्या माळ्यावर! मशीन बंद करा, वायर काढा, फूटस्विचच्या दांड्याभोवती पांढरं फडकं फिरवा आणि रंग बघा. कॉन्टॅक्ट क्लीनरचा अगदी थोडा फवारा दांड्याच्या कडेनं मारा, तीसचाळीस वेळा दाबा, वाळू द्या. तेल घालू नका, पूड आणि तेल मिळून आत लेप तयार होईल. त्यानंही नाही सुधारलं तर स्विच बदलावा लागेल, तो काही फार महाग नसतो.

ट्यूनरचं म्हणाल तर एकाच बटणाला दोन कामं दिली की असं होतं. टाच जमिनीवर ठेवून चवड्यानं टॅप करा, पाय आपोआप लवकर उचलला जातो. उभ्यानं सगळा पाय टाकलात की वजन राहतं.

आणखी एक. आमच्या गल्लीत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी झंकार, लावताना कारागीर तारेखालचा धागा केसभर सरकवतो आणि कान लावतो. आकडा कुठंच नसतो. तुम्ही टॅप करून ६० आणलेत की शेवटचे एक-दोन आकडे कानानंच वर-खाली करा. ५९ ला गाणं मोकळं वाटलं तर ५९ ठेवा.


हळदीचा दिवाणजी, सांगली

काका, फडकं पिवळंधमक! माळ्यावर सगळ्यांना दाखवलं. आमचा कीबोर्डवाला म्हणाला, आता कानातही बघ. दोनदा क्लीनर मारला. पन्नास वेळा टॅप करून बघितलं, एकदाही २५० वर गेला नाही. मशीनला आता शबनम पिशवीत ठेवतोय आणि तालमीला खाली जुनं पोतं नको, सतरंजी टाकायची असं ठरलंय.

काल तासगावचा कार्यक्रम झाला. गाणाऱ्याचे १५ सेकंदांत १५ ठोके, बरोबर ६०. "धा"वर चार टॅप मारले, ६१ आले, एक उतरवला. क्वार्टर ट्रिपलेट ठेवली. मुखड्याला पडसाद ढोलकीच्या "ना"वर असा येऊन बसला, की ढोलकीवाल्यानं वळून बघितलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा बघितलं त्यानं माझ्याकडं. सोलोला पॅच बदलला नाही, नुसता बूस्ट दाबला. शेवटच्या अंतऱ्याला ढोलकीवाला पळालाच, मी डिलेचा मिक्स थोडा उतरवून त्याच्या मागं गेलो. टॅप करायचं धाडस झालं नाही.

ठोकाबहाद्दर, तुम्ही तासगावचेच ना? मांडवात डाव्या बाजूला पांढऱ्या शर्टात एकजण मांडीवर ताल धरून बसले होते. तुम्हीच असाल तर सांगा, जेवायच्या पंगतीत शोधत होतो मी.


ठोकाबहाद्दर, तासगाव

मीच तो. पंगत उठायच्या आधी निघालो, सकाळी द्राक्षाच्या बागेत फवारणी होती. दुसऱ्या गाण्याला तुमचा डिले जरा मोठा होता, बाकी ठीक.