छाती दाबताना हात सैल सोडणंही महत्त्वाचं

हृदय थांबलेल्या माणसाला छाती दाबून वाचवण्याबद्दल (म्हणजे सीपीआरबद्दल) मेसेज फिरतायत. त्यात कुणी 'हार्ट अटॅक आला की जोरजोरात खोकत राहा' असं लिहिलंय, ते कृपया पुढे पाठवू नका. हृदय थांबलं की माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो, तो खोकणार कसा? छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5-6 सेंमी खोल दाबायची, हा सल्ला मात्र बरोबर.

त्यात एक भर. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः तो सैल असताना. आमच्या सोसायटीतल्या प्रशिक्षणात बहुतेकांचं इथेच चुकत होतं. दमले की सगळे सरावाच्या पुतळ्यावर रेलायचे. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला. आणि मध्येच आचका दिल्यासारखा, घरघरता श्वास आला तर तो खरा श्वास समजून थांबू नका, 108ची गाडी येईपर्यंत दाबत राहा.