मदत हवी आहे: फ्रीबीएसडीवरील झेडएफएस स्नॅपशॉट डेबियनवर हलवताना परवानग्यांचे काय करावे?

नमस्कार. आमच्या कार्यालयातील फाइल सर्व्हर फ्रीबीएसडी १४ या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो, त्यातील डेटा झेडएफएस या फाइल सिस्टिममध्ये आहे, आणि तो सर्व्हर डेबियन १२ या लिनक्सवर न्यायचा आहे. डिस्क काढून थेट नव्या यंत्रात जोडण्याचा विचार मी सोडून दिला आहे, कारण फ्रीबीएसडी १४ मध्ये ओपनझेडएफएस (झेडएफएसची मुक्त स्रोत आवृत्ती) २.२ आहे, तर डेबियन १२ सोबत २.१ मालिका येते, आणि पूलवर (डिस्क मिळून बनलेल्या साठ्यावर) नवी वैशिष्ट्ये सुरू असल्यास जुनी आवृत्ती तो पूल आयात करण्यास नकार देऊ शकते. त्यामुळे सेंड-रिसीव्ह, म्हणजे डेटा प्रवाहाच्या रूपात एका यंत्रातून पाठवून दुसऱ्यात स्वीकारणे, हाच मार्ग मला योग्य वाटतो. सर्व जुने स्नॅपशॉट (डेटाच्या त्या त्या वेळच्या गोठवलेल्या प्रती) आणि गुणधर्म सोबत नेणारा सेंड आज्ञेचा कॅपिटल आर हा पर्याय वापरून, नव्या बाजूला माउंट न करता प्रवाह स्वीकारायचा, असे ठरवले आहे.

खरी अडचण परवानग्यांची आहे. फ्रीबीएसडीवर झेडएफएस एनएफएसव्ही४ पद्धतीच्या एसीएल (कोणाला काय करता येईल याच्या सविस्तर याद्या) वापरते, लिनक्सवर मात्र त्याहून साध्या पॉझिक्स पद्धतीच्या एसीएल चालतात आणि जुन्या एसीएलची अंमलबजावणी होत नाही. विभागवार फोल्डरांवरील बारीक नियम, उदाहरणार्थ फोल्डरात नवी फाइल टाकता यावी पण कोणतीही फाइल पुसता येऊ नये, पॉझिक्समध्ये जसेच्या तसे उतरत नाहीत. चालू फाइलींचे नियम नव्याने लिहिता येतील, पण स्नॅपशॉट केवळ वाचनीय असतात, म्हणून त्यांचा प्रश्न उरतोच.

ज्यांनी असे स्थलांतर केले आहे, त्यांनी जुने स्नॅपशॉट वापरकर्त्यांसाठी उघडे ठेवले, की फक्त प्रशासकापुरते मर्यादित केले? तसेच, नेटवर्कवर फोल्डर वाटून देणाऱ्या शेअरएनएफएस गुणधर्माची मांडणी दोन्हीकडे वेगळी असल्याने तो स्वीकारतानाच वगळावा का?