चंद्रपूरचा कोळसा उघड्या खाणीतून काढावा की भूमिगत?

पेठेतला_अभियंता
माझं मत आधीच सांगतो. चंद्रपूर-वणी पट्ट्यात यापुढे नवी उघडी खाण नको. कोळसा काढायचाच असेल तर जमिनीखालून काढा.

पुण्यात बसून हे बोलण्याचा हक्क आपल्याला आहे, कारण आपल्या घरातली काही वीज चंद्रपूरच्या 2920 मेगावॅटच्या केंद्रातून येते. उघड्या खाणीत आधी शेत जातं, मग झाडं, मग गाव. कोळशावरची सगळी माती आणि दगड उपसून बाजूला डोंगर रचले जातात. पावसाळ्यात ती माती वाहून इरईच्या पात्रात उतरते. शेजारीच ताडोबा आहे. राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा, 1973 साली, देशातला बराचसा कोळसा भूमिगत खाणींतून यायचा. आज त्यांचा वाटा जेमतेम चार टक्के उरलाय. कोळसा मंत्रालयाने 2030 पर्यंत भूमिगत खाणींतून 10 कोटी टनांचं लक्ष्य ठेवलंय, ते मला योग्य वाटतं. कसबा-मंडईच्या जुन्या वाड्यांखालून, मुठेच्या पात्राखालून मेट्रोचा बोगदा गेलाच ना? मग तिकडे अडतंय कुठे?

वणीची_लेक
दादा, तळमळ कळते, पण मी पूर्ण विरोधात आहे. घुग्घुसच्या आमराई वॉर्डात ऑगस्ट 2022 मध्ये एक अख्खं घर बघता बघता जमिनीत गेलं. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. आजूबाजूच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. खाली जुनी, कधीच बंद झालेली भूमिगत खाण होती. उघडी खाण निदान डोळ्यांना दिसते, तिच्या विरोधात मोर्चा काढता येतो. पायाखालच्या पोकळीविरुद्ध कुणाकडे जायचं?

आणि विहिरींचं काय? खाण कोरडी ठेवायला रात्रंदिवस पंप चालतात. माझ्या आजोळच्या विहिरी उन्हाळ्याआधीच तळाला जायच्या. वरची जमीन शाबूत राहिली म्हणजे शेती वाचली असं होत नाही.

दगडमाती
मेट्रोचं उदाहरण इथे चालत नाही. पुण्याखाली बेसाल्ट आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, एकसंध आणि कठीण. शिवाय मेट्रोचा बोगदा खणतानाच मागून काँक्रीटचं अस्तर बसत जातं आणि तो कायमचा उभा राहतो. खाणीत आधारच काढून घ्यायचा असतो, कारण कोळसा हाच आधार.

विदर्भातला कोळसा गोंडवन काळातला, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. सगळ्यात खाली तालचीरचे हिमयुगातले थर, त्यावर बराकार नावाचे थर, कोळसा त्यात. त्याच्यावर कामठीचा वालुकाश्म. नागपूरजवळच्या कामठीवरूनच हे नाव पडलं. हा दगड मऊ आणि पाण्याने भरलेला असतो, त्यामुळे वणीच्या ताईंनी विहिरींबद्दल लिहिलं ते भूशास्त्राला धरूनच आहे. काही ठिकाणी या सगळ्यावर पुन्हा आपलाच बेसाल्ट पसरलाय.

खरी अडचण थराच्या जाडीची आहे. वर्धा खोऱ्यात काही ठिकाणी थर पंधरा मीटरच्याही वर जातो. भूमिगत खाणीत गॅलरी, म्हणजे कोळशात खणलेली बोगद्यासारखी वाट, फार तर 4.8 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच ठेवतात. म्हणजे एवढ्या जाड थरातून एका पातळीवर तीन मीटर काढायचे, त्यातही आधाराला खांब सोडायचे. उरलेला कोळसा कायमचा खाली राहतो. वर, खाली अजून एक पातळी काढता येते, पण मग दोन्हीकडचे खांब एकावर एक येतील असे राखावे लागतात आणि मधला दगड कमकुवत होतो. जाड, उथळ थर भूमिगत काढणं म्हणजे कोळसा वाया घालवणं. खोल असेल तिथे मात्र माझा भूमिगतला पाठिंबा आहे.

निवृत्त_ओव्हरमन
मी चंद्रपूर भागात भूमिगत खाणीत नोकरी केली, आता मुलाकडे वाकडला असतो. दगडमाती यांचं गणित बरोबर आहे, पण खाली काम कसं चालतं ते थोडं सांगतो.

इन्क्लाइनने, म्हणजे उतरत्या बोगद्याने, खाली जायचं. आधी थरात उभ्या-आडव्या गॅलऱ्या काढायच्या, मध्ये कोळशाचेच चौकोनी पिलर, म्हणजे खांब, सोडायचे. जितकं खोल, तितके पिलर मोठे. याला डेव्हलपमेंट म्हणतात आणि यात फार तर पाव-एक तृतीयांश कोळसा निघतो. खरा कोळसा डिपिलरिंगमध्ये. खाणीच्या टोकाकडून मागे मागे येत पिलर कापायचे आणि पाठीमागचं छत पाडायचं. त्या पडलेल्या भागाला गोफ म्हणतात. तिथे परत कुणी जात नाही.

पाळी सुरू झाली की सरदार, म्हणजे त्या भागाच्या सुरक्षेची जबाबदारी असलेला माणूस, आधी छत तपासतो. लांब काठीने छत ठोकायचं, दुसऱ्या हाताचा पंजा छताला टेकवायचा. आवाज खणखणीत आला तर छत चांगलं. भदभद आला किंवा हाताला थरथर जाणवली, की तो थर सुटलाय. लगेच माणसं मागे, मग पहारीने तो थर पाडायचा, छतात लोखंडी बोल्ट मारायचा, टेकू द्यायचा. लाकडी टेकूवर आम्हा सगळ्यांचा जीव होता, कारण भार आला की लाकूड करकर वाजतं आणि पळायला वेळ मिळतो. लोखंड तसं बोलत नाही. मिथेनचा त्रास आमच्याकडे कमी. तो हवेत पाच ते पंधरा टक्के झाला तर स्फोट होतो, पण सव्वा टक्क्यालाच वीज बंद करायचा नियम आहे. आमचा मोठा शत्रू आग. गोफमध्ये राहिलेला कोळसा हवा लागून आपोआप तापतो, कार्बन मोनॉक्साइड सुटतो. म्हणून काम झालं की तो भाग पक्क्या भिंतींनी बंद करायचा.

ताई, घुग्घुसबद्दल तुमचा राग रास्त आहे. पण त्याला उपाय आहे. पिलर काढताना मोकळी झालेली जागा पाण्याबरोबर वाळू सोडून भरतात, त्याला स्टोइंग म्हणतात. आधी नीट भरलं तर वरची जमीन असा दगा देत नाही. वस्तीखाली, रेल्वेखाली, नदीखाली स्टोइंगशिवाय पिलर काढूच नये. माझं मत भूमिगतकडेच आहे, पण या अटीवर.

हिशेब_हवा
काका, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. भूमिगत खाणीत एका माणसाच्या एका पाळीला साधारण एक टन कोळसा निघतो, उघड्या खाणीत दहा टनांहून जास्त. स्टोइंगचा खर्च धरला तर भूमिगत कोळसा आणखी महाग. विजेचं बिल वाढलं की हीच मंडळी ओरडतील.

आणि माणसांचं काय? 27 डिसेंबर 1975, धनबादजवळची चासनाला खाण. वरच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या कामातून पाणी फुटलं आणि 375 कामगार गेले. शहरातल्या माणसाने जंगल वाचवायला दुसऱ्याच्या लेकराला खाली पाठवायचं, हे मला पटत नाही.

पेठेतला_अभियंता
मेट्रोची तुलना दगडमाती यांनी खोडली, ती मान्य. पण बिलाचा मुद्दा मान्य नाही. उघड्या खाणीचा कोळसा स्वस्त वाटतो, कारण गेलेलं शेत आणि गाळाने भरलेली नदी यांची किंमत बिलात धरलेलीच नाही. ती धरा आणि मग तुलना करा. स्टोइंगला नदीची वाळू उपसायला माझाही विरोध आहे, पण चंद्रपूरच्याच केंद्राची राख डोंगरासारखी पडून आहे, तिचा वापर का नाही? माणूस आत पाठवण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. म्हणून यंत्रं हवीत. कन्टिन्युअस मायनर कोळसा कापतो तेव्हा चालक रिमोट घेऊन बोल्ट मारलेल्या छताखाली उभा असतो. सुरुंग लावून कोळसा भरायला माणसं पाठवायची पद्धत तरी थांबली पाहिजे.

वणीची_लेक
यंत्रं आली की आमच्याकडच्या पोरांना नोकऱ्या किती उरतील, तेही लिहा दादा. जमीन देणाऱ्याला नोकरीचा शब्द दिलेला असतो.

काकांची अट मला मान्य आहे, पण अट पाळली जातेय हे गावाला कळणार कसं? चासनालात जुन्या कामात साठलेलं पाणीच फुटलं. घुग्घुसलाही खाली काय आहे ते वर राहणाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नवी खाण उघडी की भूमिगत हे ठरवण्याआधी आमच्या भागातल्या प्रत्येक बंद खाणीचा नकाशा ग्रामपंचायतीत आणि नगर परिषदेत लावा, सातबाऱ्याच्या गट क्रमांकासकट. कुठल्या गटाखाली पिलर शाबूत आहेत, कुठे काढलेत, कुठे वाळू भरली, कुठे नुसतं पाणी आहे. काका, असे नकाशे खाणीत असतात ना?

निवृत्त_ओव्हरमन
असतात बाळा. प्रत्येक खाणीला ठेवावेच लागतात आणि खाण बंद झाल्यावर त्यांची प्रत खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे जाते. राष्ट्रीयीकरणाच्या आधीच्या खासगी खाणींचे नकाशे मात्र अर्धवट आणि चुकीचेही निघतात. तिथे वरून बोअर मारूनच पोकळी शोधावी लागेल. ही मागणी लेखी करणार असाल तर मजकूर लिहायला मी बसतो तुमच्याबरोबर.

हिशेब_हवा
भूमिगतला माझा विरोध कायम आहे. या नकाशांच्या अर्जावर मात्र माझीही सही घ्या.