अनुभव धागा : एकट्याने गिगला जाताना (ठाणे-नवी मुंबई)

मंडळी, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला कोल्डप्ले बँड आला तेव्हा लोकलपासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळ्यावर लिहून झालं. हा धागा त्या गर्दीसाठी नाही, छोट्या गिगसाठी (बँडच्या लाइव्ह कार्यक्रमासाठी) आहे. दीडशे-दोनशे माणसं मावतील असा क्लब, स्वतःची गाणी वाजवणारा बँड आणि सोबत यायला कोणी तयार नाही, एवढ्यापुरताच आहे. रामकहाणी नको, दुसऱ्याच्या उद्या कामी येईल ते लिहा.
(धागाकर्ता, नौपाडा)

साउंडवाला, वाशी :
उभं राहायच्या जागेपासून सुरुवात करतो. एकट्याने जाण्याचा खरा फायदा तोच. चौघांच्या टेबलाला बांधलेले नसता, कान सांगतील तिथे सरकता येतं.

छोट्या क्लबात स्टेजला चिकटलात तर गायकच सगळ्यात कमी ऐकू येतो. ड्रम आणि गिटारचे अँप (अँप्लिफायर) थेट अंगावर वाजतात. गाणं मात्र दोन बाजूंच्या मोठ्या स्पीकरमधून येतं आणि ते तुमच्या डोक्यावरून मागच्या लोकांकडे तोंड करून असतात. त्यात गिटार अँपचा 12 इंची स्पीकर तीक्ष्ण आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ फेकतो. झोतात सापडलात तर दुसरं काही कळत नाही. दोन पावलं बाजूला व्हा, तीच गिटार एकदम मऊ लागते.

भिंतीशी, त्यातही कोपऱ्यात, बेस (खालचा घुमणारा आवाज) साठतो. तिथे उभं राहून ‘मिक्स (सगळ्यांचा एकत्र जुळवलेला आवाज) घाण आहे’ म्हणणारे दर गिगला भेटतात. उत्तम जागा मिक्सरच्या टेबलाजवळ, जमेल तितकी मधोमध. आवाज लावणारा जे ऐकून फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) हलवतो तेच तुम्हाला ऐकू येतं. फक्त त्याच्या आणि स्टेजच्या मध्ये डोकं आणू नका आणि टेबलावर ग्लास ठेवू नका. बिअर मिक्सरमध्ये गेली की कार्यक्रम तिथेच संपतो.

पहिल्या दोन गाण्यांवरून मत बनवू नका. साउंडचेक (आवाजाची आधीची चाचणी) रिकाम्या खोलीत झालेला असतो. माणसं भरली की त्यांचे कपडे नि अंगं वरचा आवाज शोषून घेतात, म्हणून सगळं पुन्हा जुळवावं लागतं. तिसऱ्या गाण्यापर्यंत बसतं.

ऐरोली :
कानांचं कोणीच बोलत नाही, म्हणून मी बोलते. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेची कामगारांसाठीची शिफारस अशी : 85 डेसिबलला दिवसाचे 8 तास आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 88 ला 4 तास, 91 ला 2, 94 ला 1, 97 ला अर्धा, 100 ला 15 मिनिटं. लहान खोलीत 100 गाठायला दणकट ड्रमर पुरतो आणि एका बँडचा सेट (सलग वाजवणं) असतो 45 मिनिटं ते तासाभराचा. हिशेब तुमचा तुम्ही करा.

कानात घालायचे फोमचे बोळे (इअरप्लग) स्वस्तात मिळतात, पण निम्मे लोक ते कानाच्या दारात नुसते टेकवतात. रीत अशी : हात कोरडे करा. बोळा दोन बोटांत लाटून बारीक, सुरकुती न पडलेली सळई करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, म्हणजे आतली वाट सरळ होते. सळई आत सरकवा आणि बोट ठेवून 20-30 सेकंद थांबा, फोम फुगू द्या. समोरून आरशात बोळ्याचं टोक ठळक दिसत असेल तर तो नीट बसलेला नाही. हे बाहेर, शांततेत करा. आत गेल्यावर घाईत जमत नाही.

फोमची खोट एकच : वरचे सूर जास्त खातो, झांजा गोधडीखालून वाजल्यासारख्या येतात. वरचेवर जाणार असाल तर फिल्टरवाले सिलिकॉनचे घ्या. ते साधारण 15-20 डेसिबल कमी करतात आणि खालचे-वरचे सूर बरेचसे सारखेच उतरवतात. कापूस आणि टिश्यू म्हणजे मनाचं समाधान.

तुर्भे :
बोळे घालून बारवर ओरडू नका. ऑर्डर मोबाइलवर टाइप करून दाखवा, बारवाल्यालाही ते बरं पडतं.

घोडबंदर रोड :
दाराशी काय अडतं ते सांगतो. महाराष्ट्रात बिअर-वाइनला वय 21 पूर्ण, कडक दारूला 25. कोकच पिणार असलात तरी दारावर ओळखपत्र मागतात, कारण बहुतेक क्लब 21 खाली आत घेत नाहीत. डिजिलॉकरमधलं चालेलच असं धरू नका, कार्ड जवळ ठेवा.

पुरुषांनो, ‘स्टॅग एंट्री’ (एकट्या पुरुषाला प्रवेश) आहे का बघून घ्या. तिकिटाच्या गिगला सहसा अडवत नाहीत, पण शनिवारी गिग संपल्यावर त्याच जागी डीजे नाइट असेल तर एकट्या पुरुषाला दार बंद होऊ शकतं. आधी फोन करून दोनच प्रश्न विचारा : एकट्याला प्रवेश आहे का, आणि कव्हरचे (प्रवेशाचे) पैसे खाण्यापिण्यात वळते होतात का. दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं तर पुढचा प्रश्न, ते तिकिटावर की फक्त दारावर दिलेल्या पैशांवर. भांडणं इथेच होतात.

तिकिटाचा क्यूआर बाहेरच उघडून ठेवा, तळघरातल्या क्लबात रेंज मरते. काही अ‍ॅपमधला कोड बदलत राहतो, त्यामुळे नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

आपल्या ठाण्याचं वेगळं दुखणं म्हणजे इथे बऱ्याच जागी बँड ‘जेवणासोबत’ असतो. टेबलं मांडलेली, टीव्हीवर मॅच चालू आणि पोस्टरवर ‘ट्रिब्यूट’ (दुसऱ्या बँडची गाणी) असेल तर ओरिजिनल गाणी ऐकायला मिळणार नाहीत. अशा ठिकाणी एकट्याला चौघांचं टेबल देत नाहीत. बारचं स्टूल मागा, कमीत कमी बिलाची अट त्याला सहसा नसते. आणि रूफटॉप असेल तर वेळेवर पोहोचा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री 10 नंतर उघड्यावर स्पीकर बंद, बंद खोलीला तो नियम तसा लागत नाही. रूफटॉपवर साडेनऊला पोहोचणारा शेवटची तीन गाणी ऐकून बिल भरतो.

कोपरी, ठाणे पूर्व :
परतीचं. बरेचसे बँड शेवटी लोअर परळलाच वाजवतात, मथुरादास मिलच्या आवारात (2016 पर्यंत ब्लू फ्रॉग हा क्लब तिथेच होता). लोअर परळ स्टेशन पश्चिम रेल्वेचं, म्हणून ठाणेकर सवयीने तिकडे जातो, दादरला उतरतो आणि जिना चढतो. त्यापेक्षा पुलावरून करी रोड गाठा. दहाएक मिनिटं चाल आणि थेट मध्य रेल्वे. तिथे फक्त स्लो थांबते, ठाण्याला पाऊण तास ते पन्नास मिनिटं धरा. नवी मुंबईकरांनी कुर्ल्याला उतरून हार्बर पकडावी. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने जाऊ म्हणाल तर ती मेन लाइनच्या आधी झोपते.

नियम एकच, शेवटची गाडी आपली धरायची नाही, तिच्या आधीची धरायची. बँड अर्धा तास उशिरा चढतोच. आठला दार म्हणजे नऊला पहिला बँड, मध्ये सामान बदलायला 15-20 मिनिटं, मुख्य बँड दहाच्या पुढे.

सायनच्या दक्षिणेला रिक्षा नाही, टॅक्सी किंवा अ‍ॅपच. छोट्या गाड्यांना ऑक्टोबर 2024 पासून वाशी, ऐरोली, मुलुंड नाक्यांवर टोल नाही. ड्रायव्हर मागू लागला तर ठाम राहा. उलवेवाल्यांना अटल सेतू जवळ पडतो, पण तिथे टोल आहे आणि बाइकला बंदी. स्टेशनबाहेरच्या रिक्षाला मध्यरात्रीपासून पहाटे 5 पर्यंत मीटरवर 25 टक्के जादा हे कायदेशीर आहे. ‘डबल’ नाही.

कोपरखैरणे :
बायकांसाठी दोन ओळी. मिक्सरजवळची जागा आम्हालाही बरी, तिथे उजेड असतो आणि क्लबचा माणूस हाकेच्या अंतरावर. ग्लास ठेवून बाथरूमला गेलात तर परत आल्यावर तो पिऊ नका, नवा घ्या. लाइव्ह लोकेशन घरी नव्हे तर जाग्या असणाऱ्या मैत्रिणीला पाठवा. रात्री लेडीज डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असतो, त्याच डब्यात चढा. रेल्वेसाठी 139, बाकी 112.

नौपाडा :
आत शिरताना बाहेर पडायचा दुसरा दरवाजा शोधा आणि त्याच्यापुढे खोकी रचली आहेत का तेही बघा. डिसेंबर 2017 मध्ये लोअर परळच्या कमला मिलमधल्या पबच्या आगीत 14 माणसं गेली. एकट्याला हात धरून ओढणारं कोणी नसतं.

घणसोली :
बँड विकतो तो टी-शर्ट आधी घेऊ नका, दोन तास बगलेत धरावा लागतो. घ्यायचाच तर अंगातल्या शर्टावरच चढवा. शेवटच्या गाण्याआधी विक्रीच्या टेबलाशी जा, नंतर रांग लागते आणि लार्ज संपतो. पाचशेची एक नोट वेगळी ठेवा. यूपीआय तळघरात फिरत बसतं.

कळवा :
बाइकवरून येणाऱ्यांनी हेल्मेटचं काय करायचं? क्लबात ठेवून घेत नाहीत.

साउंडवाला, वाशी :
हेल्मेटच्या पट्ट्याच्या डी-रिंगमधून छोटी नंबरलॉकची साखळी घालून बाइकलाच अडकवा. पावसाळ्यात उलटं टांगू नका, वाटीसारखं भरतं.